नऊ चिठ्ठ्या आणि सातपाशी आलेली आडकाठी

सातवीतल्याची आई
लेकाला बाईंनी सुट्टीचं कोडं दिलंय. १ ते ९ अंक एकेकदाच वापरून नऊ आकडी संख्या करायची. पहिल्या दोन आकड्यांच्या संख्येला २ ने, पहिल्या तिनांच्या संख्येला ३ ने, असं करत करत सबंध संख्येला ९ ने भाग गेला पाहिजे. जुन्या लग्नपत्रिकेच्या चिठ्ठ्या कापून दोन दिवस जेवायच्या टेबलावर मांडामांड चाललीय. काल १४७२५८९६३ जमली म्हणून उड्या मारल्या, आणि मग सातपाशी गाडं अडलं. १४७२५८९ ला ७ ने भागलं की ६ उरतात. उत्तर नको, पोरगं चिडेल. वाट तेवढी सांगा.

निवृत्त मास्तर
अहो ताई, अगदी दाराशी जाऊन परत फिरलात. ५ पाचव्या घरात, सम घरांत सम अंक, हे त्याने केलंच आहे. म्हणजे विषम घरांत विषम अंक आले. आता चौथं घर बघा. तिसरा अंक विषम, त्यामुळे ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६ च लागतो. १२ चालेल, १६ चालेल, १४ नाही, १८ नाही. आठव्या घराचंही तसंच. मग ४ आणि ८ ना दुसरं आणि सहावं घर उरलं.

खरी गंमत मधल्या तिघांत आहे. पहिल्या तिनांच्या संख्येला ३ ने भाग जातो, पहिल्या सहांच्या संख्येलाही जातो, म्हणून चौथा, पाचवा, सहावा यांची बेरीजही तीनच्या पाढ्यातली हवी. करून बघा, २५८ किंवा ६५४, बस्स. तुम्ही २५८ धरलंत. त्या वाटेला दोनच संख्या आहेत, तुमची आणि ७४१२५८९६३, आणि दोघींनाही सात नडतो. ६५४ कडे वळा. तिथे आठ मिळतील, त्यांतली एकच टिकते. नऊची चिंता नको, १ ते ९ ची बेरीज ४५. सातसाठी मात्र सरळ भागाकार मांडा. ३२ वर्षं शिकवलं, पण सातची कसोटी मी कुणाला पाठ करायला लावली नाही. ती आठवेपर्यंत भागाकार होऊन जातो.

रात्रपाळी
अंक पुन्हा वापरायला मुभा दिली आणि शून्यही घेतलं, तर हीच साखळी २५ आकड्यांपर्यंत जाते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. काल कामावर बसल्या बसल्या प्रोग्रामने काढली. २५ आकडी अशी ही एकटीच. हिच्यापुढे ० पासून ९ पर्यंत कुठलाही अंक लावा, २६ ने भाग जात नाही, साखळी तिथेच तुटते. परार्धसुद्धा अठरा आकडीच, त्यामुळे ही वाचायची कशी ते मास्तरांनी सांगावं.

सातवीतल्याची आई
सापडली! ३८१६५४७२९. ३८१६५४७ भागिले ७ बरोबर ५४५२२१, बाकी शून्य. शेवटी ० लावलं तर १० नेही भाग जातो, हे त्याचं त्यानेच काढलं. दहा आकडे झाल्यावर म्हणे, हा नंबर लावून बघू, कोण उचलतंय ते. मोबाइल नंबर ३ ने सुरू होत नाही म्हटल्यावर जरा हिरमुसलाय.