ट्रकमधील सीबी रेडिओ: अर्थिंग, शिट्टी आणि परवाना

प्रश्न (रावेर):
आमच्या दोन ट्रकमधून केळी दिल्लीकडे जातात. बिजासन घाटात मोबाइलची रेंज गेली की चालकांचा एकमेकांशी संपर्क तुटतो, म्हणून भाच्याने अमेरिकेहून आणलेला चाळीस चॅनेलचा सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांना जवळच्या अंतरावर बोलण्यासाठीचा 27 मेगाहर्ट्झचा रेडिओ) संच एका ट्रकमध्ये बसवला आहे. गाडी 24 व्होल्टची असल्याने वायरमनने दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट घेतले. इंजिनाचे फेरे वाढतात तशी संचातील शिट्टीही चढते. अर्थिंग सुधारून पॉवर वाढवून देतो, असे तो म्हणतो. हे करून घ्यावे का, आणि कायद्यात बसते का?

उत्तर (धुळे, ऑटो इलेक्ट्रिशियन):
फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी बहुधा अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) असते आणि ती सप्लायच्या वायरीतून येते. एका बॅटरीवरची जोडणी प्रथम काढा. ती बॅटरी सतत जास्त उतरते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर खराब होतात. चांगल्या प्रतीचा 24 वरून 12 व्होल्टचा कन्व्हर्टर लावा, त्याची पॉझिटिव्ह वायर बॅटरीजवळ फ्यूज देऊन थेट आणा.
अर्थिंगचा भाग मात्र लोक समजतात तेवढा सोपा नाही. मल्टिमीटरवर शून्य ओहम दाखवणारी लांब, बारीक वायर 27 मेगाहर्ट्झला मोठा अडथळा ठरते. या लहरीची लांबी सुमारे 11 मीटर, म्हणजे पाव लहरीचा अँटेना पावणेतीन मीटरचा, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा. तुमच्या ट्रकची केबिन रबरी बुशांवर असेल व हौदा लाकडी असेल, तर तो पत्रा तुटकच राहतो. केबिन आणि चासी यांना विणलेल्या तांब्याच्या रुंद, आखूड पट्टीने जोडा; बोल्टखालचा रंग खरवडून काढा व वर ग्रीस लावा.
पॉवर वाढवणे हा मात्र उपाय नव्हे. एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळला आहे ते सांगणारा आकडा; 1 म्हणजे उत्तम) 3 असेल तर पाव शक्ती अँटेनाकडून संचाकडे परतते. पॉवर वाढवली की संचातील आउटपुट ट्रान्झिस्टरवरचा ताणही वाढतो.

उत्तर (जळगाव):
कायद्याची बाजू अधिक गंभीर आहे. भारतात 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, पण कमाल 5 वॅट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती) आणि संचातच बसवलेला अँटेना या अटींवर, शिवाय इतरांना व्यत्यय न आणता. अमेरिकी संच 27.405 पर्यंत जातो. त्याचा अठ्ठाविसावा चॅनेल 27.285 वर आहे, म्हणजे तेथून पुढचे सर्व चॅनेल आपल्या पट्ट्याबाहेर पडतात. केबिनवरचा वेगळा अँटेनाही या सवलतीत बसत नाही, मग अर्थिंग कितीही उत्तम असो. हॅम (हौशी रेडिओ) परवान्याचा उपयोग नाही, कारण तो धंद्याच्या बोलण्यासाठी नसतो. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर व्यावसायिक व्हीएचएफ (सीबीपेक्षा वरच्या वारंवारतेच्या रेडिओ) परवान्यासाठी अर्ज करावा, हाच सरळ मार्ग मला दिसतो.

प्रश्नकर्ता:
कन्व्हर्टर बसवल्यावर शिट्टी थांबली. अँटेना उतरवला असून संच बंद ठेवला आहे. परवाना मिळाल्यास केबिनची तांब्याची पट्टी व्हीएचएफसाठी चालेल का?

उत्तर (धुळे):
पट्टी राहू द्या. 150 मेगाहर्ट्झला पाव लहर सुमारे 50 सेंटिमीटरच असते, त्यामुळे अँटेना केबिनच्या छताच्या मध्यावर बसवला, तर छताचा पत्राच त्याला पुरतो.