मांजर चार पायांवर पडतं, मग गॅलरीला जाळी कशाला?

निशाचर:
जाळीचा विषय निघाला की "मांजराला काही होत नाही, ते चार पायांवरच उतरतं" हे हमखास ऐकू येतं. हे ऐकलं की माझा जीव कासावीस होतो. या एका समजापायी माणसं निर्धास्त राहतात आणि मांजरं मरतात. वरच्या मजल्यावर मांजर पाळायचं तर जाळी हवीच. तुमचं मत?

बोकोबा:
साफ असहमत. आधी ते शरीर काय चीज आहे ते बघा. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ साली पडणाऱ्या मांजराची लागोपाठ छायाचित्रं काढली आणि भलेभले चक्रावले. हवेत रेटा द्यायला काही नसताना अंग वळतं कसं? मांजर कमरेत वाकतं, पुढचे पाय छातीशी घेतं, मागचे ताणतं. आखडलेला पुढचा भाग झर्रकन फिरतो, मागचा उलट दिशेला जेमतेम सरकतो. मग पुढचे पाय लांब, मागचे आखडलेले, की मागचा भागही जागेवर. शेपूट नसलेल्या मँक्स मांजरांनाही हे जमतं.

१९८७ साली न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. सातव्या मजल्यापेक्षा वरून पडलेल्यांना तर दुखापती कमी! वेग वाढायचा थांबला की मांजर अंग सैल सोडून पाय पसरतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. अशा जनावराला जाळीआड कोंडणं मला निर्दयपणा वाटतो.

चौकस:
बोकोबा, ते आकडे दवाखान्यात आणलेल्या मांजरांचे आहेत. जागीच गेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतं? आणि २००४ साली क्रोएशियातल्या झाग्रेब शहराच्या ११९ मांजरांच्या अभ्यासात नेमकं उलट दिसलं: सातव्या मजल्यापासून वर दुखापती जास्त गंभीर, छातीला मारही जास्त.

चार पायांवर उतरलं तरी धक्का जातो कुठे? पाय दुमडतात आणि छाती, हनुवटी जमिनीवर आदळते. तोंडातला टाळू मधोमध चिरतो, जबडा मोडतो, फुप्फुसाभोवती हवा साठते. बाहेर रक्ताचा थेंब नसतो, पण मांजर तोंड उघडून धापा टाकत असतं. असं दिसलं तर तासभर वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

सुमेधा_र:
जाळी हवी, पण बोकोबांची कोंडण्याबद्दलची तळमळ मला पटते. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० हजारांच्याही पुढे. त्या कानांना, मिशांना दिवसभर काहीच काम नसेल तर ते जनावर कंटाळणारच. जाळी लावून मोकळं होऊ नका. चढायला फळ्या द्या, रोज खेळा.

बोकोबा:
खेळ हवाच. पण मांजर आंधळेपणाने उडी टाकत नाही. पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलासुद्धा मिशा असतात त्याला. कठड्यावर ते आपल्यापेक्षा कितीतरी सावध असतं.

निशाचर:
सावध असतं, पाखरू दिसेपर्यंत. शिकारीवर नजर खिळली की कठडा संपतो कुठे याचं भान सुटतं. नख्या वाकड्या, लाकडात आणि सालीत रुतणाऱ्या. लोखंडी नळीवर किंवा गुळगुळीत फरशीवर त्या काय धरणार?

जाळी लावणाऱ्यांसाठी एक सांगते. मांजराचं हंसळीचं हाड इतर हाडांना जोडलेलं नसतं, नुसतं स्नायूंत असतं. त्यामुळे खांदे आवळले जातात आणि जिथून डोकं शिरतं तिथून सहसा अख्खं मांजर निघतं. म्हणून भोकं पिल्लाच्या डोक्याहून लहान ठेवा, आणि जाळी खालच्या कडेलाही घट्ट बांधा. तिथेच ती आधी सैल होते.

चौकस:
खिडकीची वरून तिरकी उघडणारी झडपही विसरू नका. त्या फटीत मांजर अडकतं आणि सुटायला धडपडेल तसं आणखी खाली घसरत आवळलं जातं.