बेटावरच्या रिसॉर्टसाठी लाकूड कोणतं घ्यावं? (साग सुचवू नये)

गलबत_७:
नमस्कार मंडळी. मी आणि भागीदार एका छोट्या बेटावर रिसॉर्ट बांधतोय. आठ कॉटेज जमिनीवर, चार पाण्यात खांबांवर, शिवाय जेटी. महागड्या खोल्या आहेत, त्यामुळे लाकूड नजरेत भरायला हवं, पण कुठलं तरी जंगल साफ करून आणलेलं नको. सिमेंट, खडी सगळं बोटीने आणायचं तर कंबर मोडते, म्हणून हलकं बांधकाम. बेटावर साठी ओलांडलेले, फळ न धरणारे बरेच माड आहेत. ते चालतील का? बजेट ठरलेलं आहे, त्यात साग बसत नाही.

रंधा:
साग घ्या. माझा झोपाळा अठरा वर्षं उन्हापावसात आहे, अजून कुरकुरत नाही. एकदा काय तो खर्च.

निवांत_नाना:
साग +१. पण बर्मा सागाच्या नादी लागू नका, तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर २०२१ पासून अमेरिका आणि युरोपीय संघाचे निर्बंध आहेत. लागवडीचा घ्याल तर पांढरी कड असलेल्या फळ्या सरळ परत करा. लवकर तोडलेल्या झाडात ती कडच जास्त निघते आणि वाळवीला तीच आवडते.

गलबत_७:
साग नको म्हटलंय हो.

खारा_वारा:
लाकडाचं नंतर बघा, आधी स्क्रूचं बोला! आमच्या समुद्राकाठच्या घराला ठेकेदाराने ३०४ स्टीलचे मारले. "स्टेनलेस म्हणजे स्टेनलेस, साहेब." दुसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूखाली तपकिरी ओघळ. ३१६ च घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. मी गेले दोन महिने रविवारी स्क्रू बदलतोय. बायको बोलत नाही.

हिरवी_काठी:
एवढी चर्चा आणि बांबूचं नाव नाही? तीन-चार वर्षांत तयार होतो. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढा, कीड फिरकत नाही.

तुळई:
ताई, बोरॅक्समधलं बोरॉन पाण्यात विरघळतं. पाऊस थेट लागला की औषध धुऊन जातं. रुंद वळचणीखाली बांबू छान, उघड्यावर नाही.

हिरवी_काठी:
माझा मांडव सहा वर्षं उभा आहे.

तुळई:
छपराखाली असेल.

हिरवी_काठी:
आहे. मग?

डेकवाला:
मी इपे लावलं, दक्षिण अमेरिकेतलं. लोखंडासारखं लाकूड, ड्रिलची पाती मोडली! सगळे विचारतात कुठून आणलं.

निवांत_नाना:
कागद विचारले का कोणी? इपे नोव्हेंबर २०२४ पासून साइट्सच्या (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. आणि एफएससीचा (जंगल जबाबदारीने राखून काढलेल्या लाकडाचं प्रमाणपत्र) शिक्का दुकानाच्या भिंतीवर असून उपयोग नाही, तुमच्या बिलावर दावा आणि प्रमाणपत्र क्रमांक दोन्ही हवेत.

रंधा:
सागवान म्हणायचं का साग? झाडाला साग, लाकडाला सागवान ना? वर सगळ्यांनी चुकीचं लिहिलंय.

तुळई:
सुरुवात तुम्हीच केलीत.

मुद्द्यावर येतो. पाण्यात लाकडी खांब नकोच. टेरेडो म्हणून प्राणी असतो, म्हणतात किडा, पण आहे शिंपल्यांचा भाऊबंद. मी काम केलेल्या एका जेटीचा खांब बाहेरून ठणठणीत होता. बोट जरा टेकली आणि मोडला. आत नुसती चाळण. ग्रीनहार्ट, अझोबे ही परदेशी कठीण लाकडं जास्त तग धरतात, पण उष्ण समुद्रात कायमचं असं काही नसतं. पाण्यात काँक्रीट, लाटेच्या शिंतोड्यांच्या वर लाकूड.
माडाचं म्हणाल तर इतर झाडांच्या उलट प्रकार. बाहेरचा थर घट्ट, गाभा भुसभुशीत. वाया फार जातं, करवतीचे दातही झटपट बोथट होतात. जमिनीला टेकलं तर कुजलंच म्हणून समजा. मी तरी सुचवणार नाही.

खारा_वारा:
माड नको, +१. आणि डेकच्या फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा, कापलेल्या टोकांना मेण लावा. पाणी टोकांतूनच आत शिरतं. स्क्रू ३१६.

डेकवाला:
माड?? पाहुणे हसतील.

गलबत_७:
सगळ्यांचे आभार. भागीदाराशी बसलो. पाण्यावरची चार कॉटेज रद्द. तुळईभाऊंच्या खांबाचं वाचून त्याला झोप लागली नाही. जेटीला काँक्रीटचे खांब. जमिनीवरची आठही कॉटेज माडाचीच. फक्त बाहेरचा घट्ट थर घेणार, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर, वर मीटरभर वळचण. खराब झालेली फळी बदलायला झाड बेटावरच आहे, बोटीची वाट बघायला नको. स्क्रू ३१६.

तुळई:
करवतीला कार्बाइडची पाती लावा मग. बघू.

रंधा:
निदान दारं तरी सागाची करा.