फिरती पाळी आणि घरचे वेळापत्रक

प्रश्न : माझे यजमान चाकणच्या एका कारखान्यात आहेत आणि दर आठवड्याला त्यांची पाळी बदलते. दुसऱ्या पाळीत मुलगी शाळेतून येते तेव्हा ते कामावर असतात आणि ते परततात तेव्हा ती झोपलेली असते, त्यामुळे फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून बापलेकीचा संवाद चालतो. रात्रपाळीत झोप पुरत नाही, चिडचिड वाढते. इतरांनी काय मार्ग काढला?

प्रतिसाद १ : दिवसाचा उजेड आणि कुकरच्या शिट्ट्या झोपू देत नाहीत, जाड पडदे लावावेत, घरी परतल्यावर चहा टाळावा. पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकत असेल तर त्रास कमी होतो, कारण झोप अलीकडे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणे शरीराला सोपे जाते.

प्रतिसाद २ : साप्ताहिक सुट्टी ओव्हरटाइमसाठी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुप्पट दराचा मोह होतोच (घराचे हप्ते कोणाला चुकले आहेत?), पण नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला, तो विश्रांतीसाठी.

प्रश्नकर्ती : यांची पाळी नेमकी उलट्या क्रमाने फिरते. युनियनच्या प्रतिनिधींकडे हा विषय काढायला सांगते.