प्रतिसाद: हजेरीपट चोख असूनही ओव्हरटाइम कसा पकडतात?

कपडे शिवणाऱ्या कारखान्यात लपवलेला ओव्हरटाइम शोधताना, हजेरीपट आणि पगारपत्रक जुळतंय एवढ्यावर कामगारांचे तास-पगार तपासणारा कुठलाच मुरलेला ऑडिटर थांबत नाही. तो मोडलेल्या सुयांची वही मागतो. तिच्यात प्रत्येक सुईचे तुकडे सेलोटेपने चिकटवून शेजारी तारीख, वेळ, मशीन नंबर लिहिलेला असतो. हजेरीत रविवारी सुट्टी आणि वहीत रविवारी संध्याकाळी सातची सुई, की संपलं! हजेरी ऑफिसात ‘तयार’ होते, सुयांची वही शिलाईच्या लाइनवर. ती वही दुरुस्त करायचं सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. जोडीला गेटचं रजिस्टर आणि कटिंगच्या नोंदी असतातच.

दुसरी गोची दराची. ओव्हरटाइमला दुप्पट दर कायद्यानेच आहे, पण अनेक ठिकाणी फक्त बेसिक दुप्पट करतात, तेही ३० ने भागून. समजा महागाई भत्त्यासह पगार १३,००० आणि त्यातलं बेसिक ९,०००. नीट हिशेब म्हणजे १३,००० भागिले २६ (महिन्यातले कामाचे दिवस), भागिले ८ (तास), त्याची दुप्पट: तासाला १२५ रुपये. ‘सोयीच्या’ हिशेबाने येतात ७५. कागदावर मात्र ‘डबल रेट’च लिहिलेलं असतं, म्हणून कामगारांशी बोलताना ‘डबल मिळतो का’ असं विचारू नका. गेल्या महिन्यात किती तास थांबलात आणि हातात किती आले, ते विचारा. आणि सुपरवायझरला आधी बाहेर पाठवा.