पावसाळ्यात नळाचे पाणी : आरओ घ्यावा की उकळणे पुरे?

परळवासी (प्रश्न)
आमची इमारत जुनी, चार मजली. पहाटे दोन तास पाणी येते. ते आधी तळटाकीत साठते आणि तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. पाऊस सुरू झाल्यापासून, विशेषतः पंप चालू असताना, स्वयंपाकघरातील नळाला गढूळ पाणी येते. घरात दहा महिन्यांची मुलगी आहे. परवा आलेल्या विक्रेत्याने ग्लासात मीटर बुडवून ७८ हा आकडा दाखवला आणि तरीही आरओच (पाण्यातले विरघळलेले क्षारही काढणारे शुद्धीकरण यंत्र) घ्या, असा आग्रह धरला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुलुंडकर
त्या मीटरने विक्रेत्याचेच म्हणणे खोडून काढले आहे. मीटर केवळ विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असताना तुमचे पाणी मुळातच मृदू आहे. मुंबईला येणारे भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी पावसाचे, धरणात साठलेले. ते बोअरवेलसारखे क्षारयुक्त नसते. आरओ घेतलात तर नसलेले क्षार काढण्यासाठी बरेचसे पाणी मोरीत सोडाल. यंत्रच हवे असेल तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) पुरेसे आहे, मात्र त्याआधी गाळणी हवीच, कारण पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांआड दडतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

सोसायटी सचिव, गोरेगाव
यंत्राआधी टाकी पाहा. पंप चालू असतानाच पाणी गढूळ होते, याचा अर्थ बहुधा टाकीच्या तळाशी साचलेला गाळ ढवळला जातो. पहाटे तळमजल्यावरील थेट लाइनच्या नळाचे पाणी एका काचेच्या बाटलीत आणि गच्चीवरच्या टाकीचे दुसऱ्या बाटलीत भरून दोन्ही शेजारी ठेवा. थेट लाइनचेच पाणी गढूळ असेल किंवा त्याला सांडपाण्याचा वास येत असेल, तर दोष रस्त्याखाली आहे : पाणी बंद असण्याच्या वेळेत जलवाहिनी रिकामी होते आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. अशा वेळी पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. दोष टाकीचा निघाला, तर ती उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुऊन घ्यावी व ते पाणी पूर्ण काढून टाकावे. आमच्याकडे झाकणाच्या फटीतून पावसाचे पाणी आत जात होते, आणि तोवर घरोघरी यंत्रे विकत घेऊन झाली होती!

दादरची आजी
बाळासाठी उकळणे हाच भरवशाचा मार्ग. आधी दुहेरी फडक्याने गाळावे. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत, हे आमच्या पिढीला उशिरा कळले. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकूनच निववावे. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही : पालिकेच्या पाण्यात उरलेले क्लोरीन वाटेत त्याचे रक्षण करते, पण उकळल्यावर ते उडून जाते. म्हणजे उकळलेले पाणी शुद्ध असले तरी निराधार असते. त्यात हाताने पेला बुडवला, की सगळी मेहनत वाया. तोटीचे पिंप घ्या, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे वापरा, आणि एका दिवसापुरतेच पाणी उकळा. नळाला क्लोरीनचा सौम्य वास आला तर घाबरू नका. तो वास असलेलाच बरा.

परळवासी
सर्वांचे आभार. आज पहाटे दोन्ही बाटल्या भरून पाहिल्या. थेट लाइनचे पाणी स्वच्छ निघाले, गच्चीवरचे मात्र मातकट. शिवाय तळटाकीच्या झाकणाला हात आत जाईल एवढी फट आहे. रविवारी टाक्या उपसायचे ठरले आहे. तोवर बाळाचे पाणी थेट लाइनवरून भरून उकळतो आहोत, आणि विक्रेत्याला नकार कळवला आहे.