तळमजल्यावर कॉफीची भट्टी: धूर चालवून घ्यायचा का?

दुसरा मजला (धागा)

पुण्यातली आमची जुनी, चार मजली सोसायटी. तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला गाळे: किराणा, इस्त्रीवाला आणि गेल्या दिवाळीपासून कॉफी भाजून विकणारा एक तरुण. चिकमगळूरहून हिरव्या बिया मागवतो, एका वेळी पाच किलो बी मावेल अशा गॅसवरच्या मशीनमध्ये भाजतो. मुलगा कष्टाळू आहे, बोलायला नम्र आहे. तरीही हा धागा काढतेय.

कॉफीचा वास वेगळा आणि कॉफी भाजतानाचा धूर वेगळा, हे मला ही भट्टी सुरू होईपर्यंत माहीत नव्हतं. आधी ओल्या गवतासारखा वास येतो, मग पाव शेकल्यासारखा. शेवटी येतो तो करपलेल्या तेलाचा, घशाला लागणारा धूर. त्याच्या मशीनचा पाइप इमारतीच्या डक्टमध्ये सोडलाय आणि त्याच डक्टमध्ये आम्हा सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. सासूबाईंना दमा आहे. सकाळी आंघोळीला गेल्या की खोकत बाहेर येतात.

पाइप डक्टमधून काढून गच्चीच्या वर नेईपर्यंत भाजणं थांबवावं, असा अर्ज मी कमिटीला दिला. तेव्हापासून निम्मी सोसायटी म्हणतेय की मी एका धडपड्या पोराच्या पोटावर पाय देतेय. तुम्हाला काय वाटतं?

गिरणगल्ली

ताई, स्पष्टच लिहितो, मला अर्ज पटला नाही. मी गिरणीशेजारच्या खोलीत वाढलो. एप्रिल-मेमध्ये मसाल्याचा डंक सुरू झाला की मिरचीनं अख्खी गल्ली शिंकायची. कोपऱ्यावर भडभुंज्याची भट्टी होती, फुटाण्यांचा धूर थेट घरात यायचा. कुणी अर्ज केला नाही, कारण ते आमच्याच पोटात जाणारं होतं. तुमच्या सोसायटीत रोज फोडण्या होतात, समोर वडापावची कढई असेल. ते सगळं चालतं आणि कॉफी नवी आहे म्हणून खुपते. शहरात माणसं राहतात तशी कामंही राहतात. धंदे उचलून एमआयडीसीत टाकायचे, तर लहान माणसानं भाडं कुठून भरायचं?

खरपूस

मी स्वतः कॉफी भाजतो, नाशिकला. म्हणून दोन्ही बाजूंना थोडं खटकेल असं लिहितो.

हिरव्या बीत साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. शंभर किलो बी भाजली की ८५ किलोच्या आसपास कॉफी हाती येते. जे जातं त्यात बरंचसं पाणी, बाकी पापुद्र्याचं फोलपट, वायू आणि धूर. सुरुवातीची काही मिनिटं नुसती वाफ असते. १९५ अंश सेल्सिअसच्या आसपास बी तडतडते, त्याला आम्ही फर्स्ट क्रॅक म्हणतो. २२५ च्या जवळ दुसऱ्यांदा तडतडते, तेल वर येतं आणि खरा धूर तेव्हा सुटतो. म्हणजे ताई म्हणतात तो करपट वास शेवटच्या दोन-तीन मिनिटांचा आहे. गडद भाजणी कमी केली की धूरही पुष्कळ कमी होतो.

आता उपाय. सायक्लोन म्हणजे हवा गरगर फिरवून जड कचरा खाली पाडणारं पिंप. तो फक्त फोलपट पकडतो, धूर नाही. ईएसपी म्हणजे विजेच्या प्लेटांवर कण ओढून घेणारं यंत्र. धूर दिसेनासा होतो, वास बराचसा राहतोच. शिवाय प्लेटा वेळच्या वेळी धुतल्या नाहीत तर तेलानं माखून निकामी होतात. कोळशाचा फिल्टर वास शोषतो, पण गरम, तेलकट हवा दिली की लवकर मरतो. आफ्टरबर्नर ६५० अंशांच्या वर धूरच जाळून टाकतो. सगळ्यांत खात्रीचा तोच, पण तो भट्टीपेक्षाही जास्त गॅस खाऊ शकतो. पाच किलोवाल्याला तो घे म्हणणं म्हणजे दुकान बंद कर म्हणणं.

सरसकट भाजणं थांबवा, हे मला मान्य नाही. भाजणी आणि वेळ बदलायला सांगा.

दुसरा मजला

वेळेबद्दलच लिहिते. मी सहा आठवडे वहीत नोंद ठेवली. तो बिचारा लोकांना त्रास नको म्हणून पहाटे सहाला भाजायचा. आणि सर्वांत वाईट दिवस नेमके तेच, डिसेंबर-जानेवारीतल्या थंड, वारा नसलेल्या सकाळचे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर जातच नाही, इमारतींच्या मधे साचून राहतो. दुपारी ऊन तापल्यावर त्यानं भाजलं तेव्हा रस्त्याच्या बाजूला जवळजवळ काही जाणवलं नाही. पण डक्टमध्ये दुपारीही तोच करपट वास.

वडापावच्या कढईचं म्हणाल, तर ती उघड्यावर आहे. माझ्या बाथरूमला तिचा पाइप जोडलेला नाही.

काळा कोट

हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९८१ चा आहे आणि राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. लहान धंदा आहे म्हणून धुराला सूट मिळत नाही.

खरपूस

वकीलसाहेब, बेकऱ्यांचा प्रश्न इंधनाचा होता. हा मुलगा आधीच गॅसवर आहे. इथे धूर बीतून येतो, चुलीतून नाही. इंधन बदलून सुटणारी गोष्ट नाही ही.

वाचनवेडा

हे भांडण फार जुनं आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर जेम्स फार नावाच्या न्हाव्यानं रेनबो नावाचं कॉफीगृह काढलं होतं. १६५७ मध्ये शेजाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली की कॉफी करताना घाण वास येतो. कॉफीगृह टिकलं. आज ती तक्रार आपल्याला कोती वाटते. शंभर वर्षांनी आपलीही तशीच वाटेल.

दुसरा मजला

त्या तक्रारीचा दुसरा भाग तुम्ही सोडलात. विस्तव रात्रंदिवस पेटता ठेवल्यामुळे त्याच्या धुरांड्याला आणि खोलीला आग लागली होती, शेजारी घाबरले होते. मला त्यात कोतेपणा दिसत नाही. आमच्या डक्टमध्ये पाइपच्या सांध्यांतून सुकं फोलपट पडतं, आतून तेलाचा थर बसलाय. ठिणगी पडली तर? त्याच डक्टला लागून चार मजल्यांची स्वयंपाकघरं आणि सिलिंडर आहेत.

रात्रपाळी

वरच्या मजल्यांचं सगळे बोललात. आत उभा राहून भाजतो त्याचं कुणी विचारलं का? ताजी भाजलेली कॉफी काही दिवस वायू सोडत राहते: कार्बन डायऑक्साइड आणि थोडा विषारी कार्बन मोनॉक्साइडही. पाकिटाला ती बारीक झडप असते ती त्यासाठीच. अमेरिकेत निऑश ही कामगार-आरोग्य संस्था कॉफी भाजण्या-दळण्याच्या ठिकाणी हवा मोजते. आपल्याकडे गाळ्यात पोटमाळा असतो, खाली पिंपं भरून ताजी कॉफी आणि वर मदतनीस पोरगा झोपतो. मी असं एका ठिकाणी पाहिलंय. त्याला सकाळी डोकं दुखायचं, त्याला वाटायचं जागरणानं. तुमच्या गाळ्यात कुणी झोपतं का, ते आधी बघा.

खरपूस

हे वाचून मी आज माझ्याच गोदामाची खिडकी तपासली.

ताई, आगीचा मुद्दा मला खोडता येत नाही. डक्टमध्ये भट्टीचा पाइप कुणीच सोडू नये. त्याला सांगा: पाइप स्वतंत्र, बाहेरच्या भिंतीवरून, गच्चीच्या कठड्याच्या बराच वर. तोंडावर पावसासाठी टोपी बसवतात ती नको, त्यानं धूर परत खाली ढकलला जातो. तोंड सरळ वर हवं, पावसाच्या पाण्यासाठी खाली वेगळी वाट काढता येते. आणि बी थंड करायच्या तबकाखालच्या पंख्याचीही हवा त्याच उंचीवर न्यायची. हे बहुतेक जण विसरतात. गरम बी तबकात पडते तेव्हा धुराचा मोठा लोट तिथूनच निघतो. दर महिन्याला पाइप आतून खरवडायचा.

दुसरा मजला

मदतनीस पोटमाळ्यावरच झोपायचा. कालपासून तो वॉचमनच्या खोलीत झोपतो.

अर्ज बदलून देतेय. भिंतीवरून पाइप न्यायचा तर तो आमच्या बाल्कनीला लागून जाणार. ती परवानगी मी सगळ्यांत आधी लिहून देते. रविवारी सभा आहे.

गिरणगल्ली

भिंत देताय, हे मोठं मन. पण पाइप लागेपर्यंत दुपारी तरी भाजू द्या त्याला. गाळ्याचं भाडं थांबत नाही.

दुसरा मजला

भाड्याचं मी सभेत मांडते, त्या महिन्याचं सोसायटीनं थोडं सोसावं. पण डक्टमध्ये धूर एक दिवसही नाही.